तेविसावे वर्तुळ

पुढच्या खोलीतल्या रुंद खिडकीखाली जे लांब मेज होते, त्यावर कितीतरी खुर्च्यांच्या पाठी, आरशांच्या चौकटी आणि पेट्यांची झाकणे येऊन गेली होती. परंतु कागदाची वस्तू त्या मेजावर प्रथमच आली होती. दीड हात लांबीचे ते रॉकेट होते. कागद पिळून घट्ट गुंडाळलेली नळी, वर लाकडी शंकूचे टोक, खाली हलक्या लाकडाचे तीन पंख. मुलाने जोडणी पूर्ण केली होती. रंग तेवढा राहिला होता. रंगाआधीचे काम वडिलांनी करावे अशी त्याची इच्छा होती. आता मुलगा नव्हता, आणि वडील मेजाशी बसले होते.

गल्लीत त्यांना सगळे बुवा म्हणत. चाळीस वर्षे त्यांनी लाकडाला पॉलिश करण्याखेरीज दुसरे काही केले नव्हते, आणि त्या एका कामात त्यांच्या तोडीचा माणूस पंचक्रोशीत नव्हता. लाकूड त्यांच्या हातून गेले की त्यात बघणाऱ्याला स्वतःच्या पापण्या मोजता येत. मुलगा एका मोजमापाच्या उपकरणांच्या कारखान्यात लेथवर कामाला होता, आणि रविवारी, घड्याळांचे दुकान असलेले गल्लीतले घड्याळवाले चालवत त्या मंडळात जाऊन रॉकेटे उडवत असे. बुवांना ते मुळीच मानवत नसे. वर्षापूर्वी हे रॉकेट घेऊन तो याच मेजाशी उभा राहिला होता.

"बाबा, रंगाआधीचं एवढं तुम्ही करून द्या ना. माझ्या हाताला तुमची सफाई नाही."

"कागदाच्या नळ्या घासायला मी रिकामा बसलेलो नाही. हा उडाणटप्पूपणा तुझा, तूच निस्तर."

"उडायचं याला आहे, टप्पू फक्त मी," तो हसून म्हणाला होता.

"बघू पुढे कधीतरी."

ते 'पुढे कधीतरी' आलेच नाही. किरकोळ वाटलेला एक ताप आला, सहा दिवसांत वाढला, आणि सातव्या दिवशी रुग्णालयातून त्याचा चष्मा, घड्याळ आणि चपला एवढेच घरी परत आले. बुवांची पत्नी पूर्वीच गेली होती. घरात ते आणि सून अशी दोनच माणसे उरली. सून एका कार्यालयात नकाशे काढण्याचे काम करीत असे. तिची बदली दूरच्या शहरात झाली होती. महिनाभराने, एका सोमवारी, तिला निघायचे होते; आणि आदल्या रविवारी मंडळाला वर्षातून एकदाच मिळणारे मोठे मैदान मिळणार होते.

"बाबा, मी जायच्या आधी ते एकदा उडायला हवं," ती एवढेच म्हणाली होती. "सरळ उडायला हवं. त्याची तेवढीच इच्छा होती."

बुवांनी मान हलवली. जिवंतपणी जे शब्दाने नाकारले, ते आता हाताने पुरे करायचे, असा त्यांच्या मनाने न बोलता निश्चय केला.

कपाटावरून रॉकेट खाली काढून त्यांनी ते खिडकीशी आडवे धरले, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की त्यावर जागोजागी पेन्सिलीची बारीक वर्तुळे आहेत. त्यांनी मोजली. तेवीस होती.

त्या घरात वर्तुळाचा अर्थ कोणाला सांगावा लागत नसे. वस्तूवर हात फिरवायचा, तिरप्या उजेडात ती न्याहाळायची, आणि जिथे खाच, फुगवटा, डिंकाचा थेंब किंवा लाकडाचे उघडे रेषे सापडतील तिथे पेन्सिलीने वर्तुळ काढायचे. मग लांबी, म्हणजे खाचा बुजवायचा लगदा, भरायची, वाळू द्यायची आणि पॉलिशपेपरने घासत जायचे. दोष आणि वर्तुळ ही दोन्ही एकाच वेळी नाहीशी झाली पाहिजेत. वर्तुळ उरले तर काम अपुरे, आणि वर्तुळ जाऊन खाच उरली तर हात खोटा. मुलाला हे त्यांनी सातव्या वर्षी शिकवले होते. त्या वयात त्याने एकदा दुपारी झोपलेल्या बापाच्या टकलावर पेन्सिलीने मोठे वर्तुळ काढले, आणि आईने कान धरला तेव्हा म्हणाला, "दोष दिसला, खूण केली." बुवा दिवसभर ती खूण डोक्यावर घेऊन गावात हिंडले होते, कोणी हसले की त्यांना वाटे, आज लोक फार प्रसन्न दिसतात.

पुढे मात्र मुलाने खुणा केल्या की बुवा त्या पुन्हा तपासत. "इथे काय आहे? काही नाही इथे. डोळे कपाळावर ठेवतोस की खिशात?" असे म्हणत आणि बोटाने ती खूण पुसून टाकत. त्याची एकही खूण त्यांनी न तपासता मान्य केली असेल असे त्यांना आठवेना.

रॉकेटवरची ही तेवीस वर्तुळे त्याने कोणासाठी काढली होती हे उघड होते. त्याला स्वतःला लांबी भरायची असती, तर त्याने खुणांचा खटाटोप केलाच नसता. तो बापाची वाट पाहत होता.

बुवांनी कामाला आरंभ केला. नळीवर कागद जिथे जिथे वळसा घेत होता तिथे एक बारीक खाच वरपासून खालपर्यंत पिळासारखी उतरली होती. नऊ वर्तुळे तिच्यावरच होती. त्यांनी पातळ लांबी कालवली, पोलादी पातीच्या कडेने ती खाचेत बसवली आणि दुसऱ्या दिवशी घासायला घेतली. डाव्या हाताच्या बोटांवर जुनी मलमल गुंडाळून ते ती जागा चाचपत. नुसत्या कातड्याला जो उंचवटा कळत नाही तो कापडातून कळतो, हे त्यांना त्यांच्या गुरूने सांगितले होते. कागद कागदावर फिरू लागला. पेन्सिलीची रेघ आधी फिकट झाली, मग तुटली, मग उरला तो एक लहानसा करडा कंस. बुवांचा हात तिथे थांबला.

चाळीस वर्षांत त्यांनी हजारो वर्तुळे पुसली होती, आणि ती पुसताना मनात कधी काही आले नव्हते. आज ध्यानात आले की हा कंस म्हणजे मुलाच्या हाताची एक हालचाल आहे. पेन्सील टेकवून मनगट वळवले, त्या क्षणाचा हा अवशेष आहे. आणि काम नीट करायचे तर तो पुसलाच पाहिजे. पुसला नाही तर शब्द मोडतो, पुसला तर तो जातो. ते बराच वेळ बसून राहिले. मग त्यांनी हलक्या हाताने दोन फेऱ्या मारल्या. जागा गुळगुळीत झाली.

पॉलिशपेपरचा तो तुकडा मात्र त्यांनी केराच्या पेटीत टाकला नाही. मागच्या बाजूवर बारीक अक्षरात 'एक' असे लिहून तो त्यांनी एका पत्र्याच्या डब्यात ठेवला. पुढच्या वर्तुळाला नवा तुकडा घेतला.

दिवसाला एक, कधी दोन, अशी वर्तुळे उतरत गेली. सून संध्याकाळी कामावरून आली की मेजाशी क्षणभर थांबे.

"आज किती?"

"एकच."

"काल दोन होती. सुट्टी घेतलीत वाटतं?"

"आजचं अवघड होतं. पंखाच्या बुडाशी डिंक ओघळला होता. तुझ्या नवऱ्याला डिंक लावायचं कळायचं, पुसायचं कळायचं नाही."

"मला म्हणायचा, पुसायला बाबा आहेत."

त्या रात्री जेवताना त्यांनी भाकरी अर्धीच खाल्ली, आणि तिनेही आग्रह केला नाही.

पंखांवर त्यांनी विशेष मन लावले. हलक्या लाकडाचे रेषे उघडे असतात; रंग बसला तरी ते खालून वर डोकावतात, आणि असला पंख बुवांच्या दृष्टीने लज्जास्पद होता. लांबीचा एक हात द्यायचा आणि घासायचे; दुसरा हात, घासणे; मग तिसरा. अखेरीस पंख हस्तिदंतासारखे दिसू लागले. त्यावर बोट निसटत असे.

बाविसावे वर्तुळ गेले आणि शेवटचे उरले. ते नळीच्या अंगावर, मध्याच्या बरेच खाली, पंखांच्या थोडे अलीकडे होते. बुवांनी तिथे उजेड तिरपा धरला. काही दिसले नाही. मलमल गुंडाळून बोटे फिरवली, डोळे मिटून फिरवली, ती जागा ओठांच्या कडेला लावून पाहिली. पृष्ठ निर्दोष होते. पिळाची खाचही तिथून दोन बोटे दूर होती.

पूर्वीचे बुवा असते तर "इथे काही नाही" म्हणून मोकळे झाले असते. आता त्यांना वाटले, त्याने खूण केली आहे म्हणजे काहीतरी आहेच. माझ्याच बोटांना आता कळेनासे झाले आहे. आयुष्यभर त्याच्या नजरेवर अविश्वास दाखवला, निदान ही एक खूण तरी न तपासता मान्य करावी. असे म्हणून त्यांनी निर्दोष जागी लांबीचा एक पातळ हात दिला, तो वाळल्यावर घासला, आणि वर्तुळ नाहीसे होईपर्यंत घासत राहिले. तुकड्यामागे त्यांनी 'तेवीस' असे लिहिले. तो बुधवार होता.

गुरुवारी संध्याकाळी सुनेबरोबर घड्याळवाले आले. मंडळाचे प्रमुख तेच. बुवांचे बालमित्र, आणि जिभेला हाड नसलेले. त्यांनी रॉकेट हातात घेतले, चष्मा कपाळावर चढवला, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत ही मोठीच दाद होती.

"बुवा, हे उडवायचंय की दिवाणखान्यात मांडायचंय? पाय लावा याला, पाहुणे आले की उपयोगी पडेल."

"तुला जळायला काय झालं? तुझ्या दुकानातली घड्याळं कधी वेळेवर चालली नाहीत."

"चालली असती तर लोक माझ्याकडे परत कशाला आले असते?" घड्याळवाले हसले, आणि हसतहसत त्यांनी रॉकेट तळहातावर आडवे तोलले. त्यांचे हसू ओसरले. त्यांनी ते उलटसुलट फिरवून पाहिले. "तोलाची खूण कुठंय?"

"कसली खूण?"

"तोलाची. दोऱ्यात अडकवलं की ज्या जागी हे आडवं, सरळ राहतं ती जागा. त्यानं काढलेली होती. छोटंसं वर्तुळ होतं इथे कुठेतरी."

सून एकदम पुढे आली. तिने नळीवर बोट फिरवले आणि सासऱ्यांकडे पाहिले. बुवांचा चेहरा पाहताच तिला कळले.

"मी घासलं ते," बुवा म्हणाले. "काही सापडत नव्हतं तिथे. पण त्यानं खूण केली होती."

ज्या घरात वर्तुळाला दुसरा अर्थच नव्हता, त्या घरातल्या मुलाने तोलाची जागा दाखवायलाही सवयीने वर्तुळच काढले होते. आणि त्याच घरातल्या बापाने ते दोष समजून पुसले होते. परक्या माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती.

"एवढं काय बिघडलं त्यात?" बुवांनी विचारले, पण आवाजात धीर नव्हता.

घड्याळवाल्यांनी यावेळी थट्टा केली नाही. "तोल त्या खुणेच्या मागे, शेपटीकडे गेला, तर हे वर सरळ जात नाही, बुवा. हवेत गिरक्या घेतं आणि माणसांवर येतं. तुम्ही पंखांवर लांबी किती दिलीत?"

"तीन हात."

"मग तोल मागे गेलेला असणार. किती गेला हे पाहायला ती खूण हवी. खुणेशिवाय मी हे मैदानात लावू देणार नाही. त्याचं असलं तरी नाही."

बुवा स्टुलावर बसले. आपल्या तळहातांकडे ते असे पाहू लागले, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत. सरळ उडावे एवढेच त्याने मागितले होते, आणि त्यांनी त्याचे रॉकेट चकचकीत करून जमिनीवर खिळवले होते.

सून आता खिडकीशी जाऊन उभी होती. ती म्हणाली, "खूण मला काढता येईल."

दोघांनी तिच्याकडे पाहिले.

"दोरा मी धरला होता तेव्हा. त्याची पट्टी सापडत नव्हती. मला म्हणाला, तुझा हात लाव, तुझी वीत काही हरवायची नाही." तिने रॉकेटच्या टोकावर अंगठा टेकला, वीत ताणली, करंगळीच्या जागी पुन्हा अंगठा आणला. "दोन विती आणि चार बोटं. बोटं चिकटवून." चौथ्या बोटाच्या कडेला ती थांबली.

बुवांनी कानामागची पेन्सील काढली, आणि क्षणभर थांबून ती तिच्या हातात दिली. "तूच काढ."

तिने वर्तुळ काढले. "यावर घासायचं नाही बरं का, बाबा."

मुलाने मोटरच्या, म्हणजे शेपटीत बसणाऱ्या दारूच्या नळीच्या, वजनाचा एक पितळी तुकडा लेथवर करून ठेवला होता. तो त्यांनी शेपटीत बसवला आणि दोऱ्याचा फास खुणेवर आणून रॉकेट लोंबते सोडले. शेपटी खाली गेली. टोक छताकडे पाहू लागले.

"टोकात वजन घालता येणार नाही?" बुवांनी विचारले.

"मग एकूणच जड होईल. ही मोटर तेवढं नेणार नाही," घड्याळवाले म्हणाले. "लांबी काढावी लागेल."

शुक्रवारी बुवांनी आयुष्यात कधी न केलेले काम केले. चाळीस वर्षे त्यांनी रेषे बुजवले होते. त्या दिवशी ते उघडे केले. जाड पॉलिशपेपर घेऊन त्यांनी हस्तिदंतासारख्या पंखांवरचा तिसरा हात काढला, मग दुसरा. पांढरी भुकटी त्यांच्या भुवयांवर बसली. सुनेने त्या दिवशी रजा घेतली होती. ते घासत, ती दोऱ्यात अडकवून पाही. शेपटी थोडी वर येई. ते पुन्हा घासत. दुपारी चारच्या सुमारास दोऱ्यावर रॉकेट आडवे राहिले, किंचित डोलले, आणि स्थिर झाले. पंखांवर लाकडाचे रेषे स्पष्ट दिसत होते, मुलाने सोडले होते तितकेच.

"वाईट दिसतंय," बुवा म्हणाले.

"त्याच्या हातचं दिसतंय," ती म्हणाली.

शनिवारी त्यांनी पिवळ्या रंगाचा एकच, अतिशय पातळ हात दिला. रंग मुलाने आणून ठेवलेला होता. पिवळे म्हणजे गवतात लवकर सापडते, असा त्याचा हिशेब होता. सुनेने काढलेले वर्तुळ रंगाखाली गेले, तरी पुसट दिसत होते.

रविवारी मैदानावर पंधरावीस माणसे होती. घड्याळवाल्यांनी पुन्हा एकदा तोल पाहिला आणि रॉकेट उभ्या सळईवर चढवले. कळ सुनेच्या हातात दिली. त्यांनी पाचापासून उलटे अंक म्हटले. बुवांना ते ऐकू आले नाहीत. त्यांनी फक्त एक सुसकारा ऐकला, आणि पिवळी रेघ वर जाताना पाहिली. ती कुठेही वाकली नाही. ओळंबा लावून काढावी तशी ती आकाशात चढत गेली, इतकी की पाहतापाहता डोळ्यांत पाणी आले आणि ते उन्हामुळे आले असे म्हणता येण्यासारखे होते.

"सुतात गेलं," घड्याळवाले हलक्या आवाजात म्हणाले. "बुवा, सुतात गेलं हो."

फार उंचावर त्याच्या पोटातले पॅराशूट उघडले. खाली पानही हलत नव्हते, पण वर वारा होता. तो ठिपका हळूहळू सरकला, मैदानाची कड ओलांडून कालव्यापलीकडच्या उंच, पिवळ्या गवताकडे गेला, आणि दिसेनासा झाला.

सगळ्यांनी शोधले. गवत छातीइतके होते आणि वाळून अगदी त्याच रंगाचे झाले होते. बुवा हाताने गवत बाजूला सारत पुढे पुढे जात राहिले. प्रत्येक काडी त्यांना क्षणभर तीच वस्तू वाटे. ऊन उतरले तशी माणसे एकेक करून परतली. शेवटी सुनेने त्यांच्या दंडाला धरले.

"बाबा, चला आता."

"अजून त्या बाजूला पाहिलं नाही."

"पाहिलं. दोनदा पाहिलं आपण."

ते तिच्याबरोबर परत फिरले.

घरी तिच्या बांधलेल्या पेट्या दाराशी होत्या. लांब मेज रिकामे होते. त्यावर फक्त भुकटीत उमटलेली रॉकेटची लांबट, कोरी जागा होती. ती पुसायला सून फडके शोधू लागली, आणि खालच्या खणात तिला तो पत्र्याचा डबा लागला. तिने झाकण काढले. आत पॉलिशपेपरचे झिजलेले तुकडे एकावर एक रचलेले होते. खरखरीत बाजूवर लांबीच्या पांढुरक्या पुटात कुठेकुठे शिशाची करडी झाक होती.

"हे काय, बाबा?"

बुवा दारातच उभे होते. "त्यानं काढलेल्या रेघा. घासल्या मी, पण टाकवल्या नाहीत."

ती खाली बसली. एकेक तुकडा उलटा करून तिने अंक वाचले, आणि जसे होते तसेच परत रचले. शेवटच्या तुकड्यावर तिचा हात थांबला. त्याची करडी झाक इतरांहून थोडी गडद होती. खाली बुजवायला काही नव्हते, म्हणून कागदाने रेघच तेवढी उचलली होती.

"हा मी नेऊ?"

बुवांनी पुढे होऊन तो तुकडा तिच्या हातातून घेतला, उजेडात तिरपा धरून सवयीने न्याहाळला, आणि परत तिच्या तळहातावर ठेवला.

"ने," ते म्हणाले. "तिथे दोष नव्हताच."

तिने तो नवऱ्याच्या चष्म्याच्या पेटीत ठेवला. उरलेल्या बाविसांवर बुवांनी झाकण बसवले, आणि फडके घेऊन ते मेजाच्या कडा पुसू लागले; मधली ती लांबट जागा त्यांनी तशीच सोडली.